इंजिन परवडले तरच विमान उडते : घरी बांधलेल्या विमानांच्या स्वस्त इंजिनांचा इतिहास

१/२६
विमानाचा सांगाडा घरी बांधता येतो. स्प्रूसच्या लाकडी पट्ट्या, सरस, प्लायवूड, कापड, पोलादी तारा आणि काही वर्षांच्या संध्याकाळी एवढ्या भांडवलावर जगभरातील हजारो हौशी माणसांनी गॅरेजात आणि शेतावरच्या कोठारांत विमाने उभी केली. इंजिन मात्र असे घरी उभे राहत नाही. ते विकत घ्यावे लागते, आणि बहुतेकांची स्वप्ने तिथेच अडतात. या माणसांनी इंजिन कुठून आणले, त्याची किंमत कशात मोजली, याचा हा इतिहास.

२/२६
विमानाच्या इंजिनाकडून अपेक्षा तरी किती? ते हलके हवे, ताकदवान हवे, तासन्‌तास न थकता चालणारे हवे, आणि रस्त्याच्या कडेला थांबण्याची सोय आकाशात नसल्याने कधीही बंद न पडणारे हवे. त्यात ते स्वस्तही हवे! मराठीत अशा मागणीला 'आखूडशिंगी, बहुदुधी' म्हणतात. अशी गाय बाजारात सहसा मिळत नाही. मग एखादा गुण सोडून देऊन उरलेल्यांवर भागवावे लागते. कोणता गुण सोडायचा, या निवडीवरच प्रत्येक पिढीतील हौशी विमानबांधणीचे यशापयश ठरले.

३/२६
अडचण पहिल्या विमानाइतकीच जुनी आहे. राइट बंधूंना किमान ८ अश्वशक्तीचे हलके इंजिन हवे होते. त्यांनी अनेक कारखान्यांकडे विचारणा केली. त्यांच्या अटींत बसणारे इंजिन कोणीही देऊ शकले नाही. अखेर त्यांच्या सायकलींच्या दुकानातील यंत्रकारागीर चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत चार सिलिंडरचे इंजिन घडवले. वजन वाचवण्यासाठी त्याचे मुख्य कवच अ‍ॅल्युमिनियमचे होते. ताकद सुमारे १२ अश्वशक्ती. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्याच इंजिनाने माणसाला हवेत नेले. म्हणजे पहिले यशस्वी विमान घरगुती होते आणि त्याचे इंजिनही.

४/२६
पण प्रत्येक गावात चार्ली टेलर नसतो. १९१० मध्ये आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ याच्या 'देमोआझेल' या चिमुकल्या विमानाचे आराखडे 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या अमेरिकी मासिकात छापून आले. बांबू, तारा आणि रेशमी कापड यांचे ते विमान कुणीही बांधावे, अशी त्याची इच्छा होती. त्याने पेटंटही घेतले नाही. आराखडा असा फुकट मिळाला, तरी इंजिन फुकट मिळणार नव्हते. ज्ञान आणि यंत्र यांच्यातील ही दरी पुढे शंभर वर्षे टिकून राहिली.

५/२६
ती दरी पहिल्यांदा बुजवली युद्धाने. पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले, तेव्हा अमेरिकेत कर्टिस कंपनीची ओएक्स-५ इंजिने गोदामांत पडून होती. व्ही आकारात आठ सिलिंडर, ९० अश्वशक्ती, पाण्याने थंड होणारे हे इंजिन सैन्याने हजारोंच्या संख्येने घडवून घेतले होते. युद्ध संपताच ते मातीमोल भावात विकले जाऊ लागले. १९२० च्या दशकातील अमेरिकी हवाई कसरतपटूंची अनेक विमाने याच इंजिनावर उडत. पण त्याचे वजन पावणेदोनशे किलोंच्या घरात होते. घरी बांधलेल्या हलक्या विमानाच्या नाकावर एवढा भार ठेवणे अवघडच होते.

६/२६
ब्रिटनने उलट दिशेने प्रयत्न केला. अवजड लष्करी इंजिनाऐवजी मोटारसायकलचे चिमुकले इंजिन लावले तर? ऑक्टोबर १९२३ मध्ये केंट परगण्यातील लिंप्न येथे हलक्या विमानांची स्पर्धा भरली. इंजिन ७५० सीसीहून मोठे नको, ही अट होती. 'इंग्लिश इलेक्ट्रिक रेन' या विमानाला ३९८ सीसीचे एबीसी मोटारसायकल इंजिन बसवले होते. रेन आणि एएनईसी या दोन विमानांनी एका गॅलनमध्ये साडेसत्त्याऐंशी मैल अंतर कापून इंधनबचतीचे बक्षीस वाटून घेतले. आजच्या भाषेत लिटरला सुमारे ३१ किलोमीटरचा 'अ‍ॅव्हरेज'!

७/२६
आकडा डोळे दिपवणारा होता. विमान मात्र व्यवहारात निरुपयोगी ठरले. शांत हवेत ते तरंगत राही, पण जोराचा वारा आला किंवा झाडांच्या रांगेवरून चढायची वेळ आली की इंजिनाजवळ शिल्लक काहीच नसे. जेमतेम उडण्यासाठीही ते सतत पूर्ण ताकदीने पळवावे लागे, आणि पूर्ण ताकदीने पळणारे छोटे इंजिन लवकर तापते, लवकर झिजते, लवकर मोडते. हौशी माणसाने सोडू नये असा एक गुण लिंप्नने दाखवून दिला. तो गुण म्हणजे हाताशी राखून ठेवलेली ताकद.

८/२६
यातून मधला मार्ग काढला जेफ्री डी हॅविलँड आणि इंजिनतज्ज्ञ फ्रँक हॅलफर्ड यांनी. युद्धातून उरलेल्या रेनो इंजिनांचा मोठा साठा ब्रिटनमध्ये होता. त्यांत व्ही आकारात आठ सिलिंडर असत. हॅलफर्डने त्यांतले निम्मे, म्हणजे चार सिलिंडर आणि जोडीचे इतर तयार भाग घेऊन, एका ओळीतले नवे इंजिन जुळवले. हेच ६० अश्वशक्तीचे 'सिरस'. ते बसवलेले 'मॉथ' विमान २२ फेब्रुवारी १९२५ रोजी प्रथम उडाले. भंगारातल्या इंजिनाच्या अर्ध्या भागातून फ्लाइंग क्लबांचे युग सुरू झाले.

९/२६
या युगाची एक कडी भारताशी जोडलेली आहे. सिरसची मागणी वाढली आणि रेनोचा जुना साठा आटू लागला, तेव्हा डी हॅविलँडला 'जिप्सी' हे नवे इंजिन घडवावे लागले. 'जिप्सी मॉथ' त्यातूनच आले. भारत आणि इंग्लंड यांदरम्यान एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले. १९३० मध्ये त्या शर्यतीत जिप्सी मॉथ घेऊन जे. आर. डी. टाटा कराचीहून लंडनकडे निघाले आणि अस्पी इंजिनीअर लंडनहून कराचीकडे.

१०/२६
इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगअभावी अडकले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. पुढे शर्यत अस्पींनीच जिंकली. तेच नंतर भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. ही गोष्ट जेआरडींच्या दिलदारपणासाठी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण तीत आणखी एक धडा आहे. सुटा भाग जवळ नसेल, तर उत्तम इंजिनसुद्धा केवळ ओझे ठरते. जिथे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, तेच इंजिन खऱ्या अर्थाने स्वस्त.

११/२६
हा धडा सर्वांत नीट ओळखला तो अमेरिकेतील खेड्यांनी. १९२० च्या दशकात शिकागोच्या एड हीथने 'पॅरासोल' हे एकआसनी विमान तयार केले. त्यात हेंडरसन मोटारसायकलचे चार सिलिंडरचे इंजिन फेरफार करून बसवले आणि विमानाचे सुटे संच टपालाने विकण्याचा धंदा उभारला. १९३१ मध्ये एका चाचणी उड्डाणात हीथचा मृत्यू झाला. त्याची कंपनी पुढे अनेक हात फिरत रेडिओचे संच विकणारी 'हीथकिट' म्हणून प्रसिद्ध झाली.

१२/२६
दरम्यान १९२९ ची मंदी आली. तयार विमान सोडाच, विमानाचे नवे इंजिनही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. त्याच काळात मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या लहानशा गावात बर्नार्ड पीटेनपोल नावाचा, स्वतःच स्वतः शिकलेला एक मेकॅनिक विमानासाठी इंजिन शोधत होता. त्याने आकाशाकडे न पाहता रस्त्याकडे पाहिले. रस्त्यावर फोर्डच्या 'मॉडेल ए' मोटारी धावत होत्या. १९२७ ते १९३१ या काळात अशा ४८ लाखांच्या आसपास मोटारी कारखान्यातून बाहेर पडल्या.

१३/२६
मॉडेल ए चे इंजिन ३.३ लिटरचे, चार सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे. मिनिटाला २,२०० फेऱ्यांवर ४० अश्वशक्ती. वजन शंभर किलोंहून अधिक. कागदावर पाहिले तर विमानासाठी हे इंजिन अगदीच गैरसोयीचे: जड, मंद आणि ओबडधोबड. त्या काळचे जाणकारही मोटारीच्या इंजिनाला नाके मुरडत. पण ते अपघातात सापडलेल्या कोणत्याही मोटारीतून काढून घेता येई, त्याचा कोणताही भाग जवळच्या गावी मिळे आणि त्याची नस न्‌ नस कोणत्याही मेकॅनिकला ठाऊक असे.

१४/२६
पीटेनपोलच्या यशाचे मर्म समजण्यासाठी थोडे गणित. प्रोपेलरची टोके ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या, जवळ पोहोचली की ताकद हवा रेटण्याऐवजी गोंगाटात वाया जाते. १.९ मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला १,६०० फेऱ्यांनी फिरला, तर त्याच्या टोकांचा वेग सेकंदाला सुमारे १६० मीटर होतो. तोच प्रोपेलर ६,००० फेऱ्यांनी फिरवला, तर हा वेग ६०० मीटरच्या घरात जातो! म्हणून विमानाला संथ फिरणारे इंजिन लागते, नाहीतर फेरे कमी करणारा गिअरबॉक्स तरी लागतो.

१५/२६
मॉडेल ए चा मंदपणा इथे गुण ठरला. ते कमी फेऱ्यांवरच भरपूर जोर देई. म्हणून मोठा लाकडी प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टला जोडता आला. गिअरबॉक्सचा खर्च वाचला, वजन वाचले आणि मोडू शकणारा एक भागही कमी झाला. मोटारीसाठी लागणारे क्लचसारखे भाग पीटेनपोलने काढून टाकले. फ्लायव्हीलचे काम प्रोपेलरने केले. ठिणगीसाठी त्याने मॅग्नेटो बसवला. मॅग्नेटो फिरता फिरता स्वतःच वीज निर्माण करतो, त्यामुळे बॅटरी संपली तरी इंजिन थांबत नाही.

१६/२६
मग त्याने विमान या इंजिनाच्या अंगाने आखले. 'एअर कँपर' हे दोन आसनांचे, लाकूड-कापडाचे, रुंद पंखांचे विमान. वेग बेताचा, पण ते सावकाश उडे आणि सावकाश उतरे. इंजिन बंद पडलेच, तर एखादे शेत पाहून हळूच टेकता येई. रेडिएटर इंजिनाच्या वर, थेट वैमानिकाच्या नजरेसमोर उभा असे. दिसायला विचित्र, पण चाले. जड इंजिन वेगवान विमानात कोंबण्याचा हट्ट त्याने धरला नाही. अंथरूण पाहून पाय पसरले, एवढेच.

१७/२६
'मॉडर्न मेकॅनिक्स' मासिकाचा संपादक वेस्टन फार्मर याचा मोटारीच्या इंजिनांवर विश्वास नव्हता. १९३० मध्ये फोर्ड इंजिनावर चालणारी दोन विमाने चेरी ग्रोव्हहून उडत त्याच्या भेटीला आली! फार्मरने मत बदलले आणि एअर कँपरचे आराखडे छापले. १९३२ च्या 'फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल' या वार्षिकातही ते आले. मंदीने पिचलेल्या तरुणांच्या हाती प्रथमच असा आराखडा पडला, ज्यातील इंजिन त्यांच्या गावातच उभे होते. पीटेनपोल १९८४ मध्ये वारला; त्याची विमाने आजही बांधली जातात.

१८/२६
त्याच सुमारास फ्रान्समध्ये आँरी मीन्ये याने 'पू-द्यु-सिएल', म्हणजे 'आकाशातली पिसू', उडवली. १९३३ मध्ये उडालेल्या या एचएम-१४ विमानाला ऑबिए-द्युन या मोटारसायकल इंजिनाची जेमतेम १७ अश्वशक्ती होती. १९३४ च्या त्याच्या पुस्तकाने युरोपात विमानबांधणीची लाट आणली. लाकडी खोका ठोकता येणाऱ्याला विमानही बांधता येईल, असा त्याचा सूर होता. ब्रिटनमध्ये सर जॉन कार्डन यांनी फोर्डच्या छोट्या मोटारीचे इंजिन या विमानाजोगे करून दिले, तेच 'कार्डन-फोर्ड'. इंजिनाचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

१९/२६
आणि मग माणसे मरू लागली. १९३५-३६ मध्ये अनेक 'पिसवा' सूर मारून जमिनीवर आदळल्या. पूर्ण आकाराचे विमान फ्रान्स आणि ब्रिटनमधील प्रचंड पवनबोगद्यांत ठेवून तपासले गेले. दोष इंजिनाचा नव्हता. पुढच्या-मागच्या पंखांच्या मांडणीमुळे विमानाचे नाक ठरावीक कोनापलीकडे खाली गेले की ते वर येतच नसे. परवाने थांबले, लाट ओसरली. स्वस्त इंजिनाने विमान हजारोंच्या आवाक्यात आणले होते; पण ते विमान पुरेसे पारखलेले नव्हते, आणि आवाका वाढताच त्या दोषाचे बळीही वाढले.

२०/२६
दुसऱ्या महायुद्धानंतर नवे 'मॉडेल ए' सापडले जर्मनीत. फोक्सवॅगन 'बीटल'चे इंजिन हवेने थंड होणारे होते. म्हणजे रेडिएटर, पाणी, नळ्या यांचे ओझे नाही. समोरासमोर आडवे चार सिलिंडर, हलक्या मिश्रधातूचे कवच, आणि लांबच लांब महामार्गांवर तासन्‌तास धावण्याच्या हेतूने केलेली बेताच्या ताकदीची रचना. बीटल मोटारी २ कोटी १० लाखांहून अधिक बनल्या, त्यामुळे सुटे भाग जगाच्या पाठीवर कुठेही मिळत. १९५० च्या दशकात फ्रान्सच्या रॉजे द्रुईनने या इंजिनासाठी 'टर्ब्युलंट' हे चिमुकले एकआसनी विमान आखले आणि ब्रिटनच्या क्लबांतही ते लाडके झाले.

२१/२६
कायदाही याच काळात अनुकूल झाला. स्वतःच्या शिक्षणासाठी आणि आनंदासाठी विमान बांधणाऱ्यांना अमेरिकेने १९५० च्या दशकाच्या आरंभी 'प्रायोगिक' विमानांच्या वर्गात स्थान दिले. अशा विमानाला सरकारी प्रमाणपत्राचे इंजिन सक्तीचे नव्हते. २६ जानेवारी १९५३ रोजी पॉल पोबरेझ्नी यांच्या पुढाकाराने 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संघटना मिलवॉकीत स्थापन झाली. कुणाच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह जळला, कुणाचा क्रँकशाफ्ट तडकला, हे अनुभव आता एकट्याच्या गॅरेजात न राहता सर्वांचे झाले. पैशाची उणीव अशा सामायिक अनुभवाने बरीच भरून निघते.

२२/२६
फोक्सवॅगनलाही मर्यादा होत्या. थेट जोडणीत ताकद मिळवायची तर ते मिनिटाला ३,००० हून अधिक फेऱ्यांनी पळवावे लागे. म्हणून प्रोपेलर लहान ठेवावा लागे. हलक्या विमानात हे निभे, जड विमानात नाही. १९७५ मध्ये बर्ट रुटान याच्या 'व्हॅरीझी' विमानाने याच इंजिनावर सुमारे २,६३६ किलोमीटर न थांबता उडून आपल्या वजनगटातला विक्रम केला. मात्र त्याआधीच्या प्रयत्नात इंजिनाने दगा दिला होता. इतरांना आराखडे विकताना रुटानने फोक्सवॅगन सोडून काँटिनेंटल हे खरे विमान-इंजिन निवडले. स्वतः पत्करलेला धोका त्याने इतरांच्या गळ्यात बांधला नाही.

२३/२६
पण खरे विमान-इंजिन महाग का? मोटारीची इंजिने लाखांनी बनतात, विमानाची हजारांनी. संशोधन, तपासणी आणि प्रमाणपत्र यांचा खर्च थोड्याच नगांवर वाटला जातो. त्यात अमेरिकेत अपघातानंतरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचा भार वाढला. तिथे १९७८ मध्ये १७ हजारांहून अधिक खासगी विमाने बनली होती. १९९४ मध्ये हजारही बनली नाहीत. त्याच वर्षी उत्पादकांची जबाबदारी काही वर्षांपुरती मर्यादित करणारा कायदा करावा लागला. विमाने कमी झाली, म्हणून इंजिने कमी झाली. इंजिने कमी झाली, म्हणून ती आणखी महागली.

२४/२६
हे चक्र बर्फगाडीने थोडे भेदले. १९७० च्या दशकात जॉन मूडीसारख्या साहसवीरांनी हँग-ग्लायडरला गो-कार्टची छोटी इंजिने बांधून 'अल्ट्रालाइट'चा जमाना सुरू केला. ऑस्ट्रियाची रोटॅक्स कंपनी बर्फावरील गाड्यांसाठी टू-स्ट्रोक इंजिने बनवत असे. तीच या विमानांत गेली. हलकी, स्वस्त, पण पिस्टन अचानक जाम होण्याची खोड असलेली. उतरायला जागा सतत दिसत राहील अशाच मार्गाने उडायचे, हा शहाण्या वैमानिकांचा नियम झाला. या धंद्यातून बाजारपेठ तयार झाली आणि १९८९ मध्ये रोटॅक्सने विमानासाठीच आखलेले ८० अश्वशक्तीचे, फोर-स्ट्रोक, गिअरबॉक्ससह येणारे '९१२' इंजिन प्रमाणित केले.

२५/२६
परावलंबनाची दुसरी बाजू ऑस्ट्रेलियात दिसली. तेथील जबिरू कंपनी आपल्या छोट्या विमानांसाठी इटलीच्या केएफएमची इंजिने आणत असे. १९९० च्या दशकाच्या आरंभी केएफएमने ती बनवणेच थांबवले. विमान तयार, इंजिन नाही! अखेर जबिरूने स्वतःचे इंजिन घडवले आणि पुढे ते इतरांच्या विमानांतही बसू लागले. भारतात बंगळूरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने १९९३ मध्ये 'हंसा' हे दोन आसनी विमान उडवले. सांगाडा आपला, पण हंसा-३ ला रोटॅक्स ९१४ आणि २०२१ मध्ये उडालेल्या हंसा-एनजीला रोटॅक्स ९१२ मालिकेतले इंजिन. देशाच्या प्रयोगशाळेपुढेही प्रश्न तोच, जो गॅरेजातल्या हौशी माणसापुढे असतो.

२६/२६
या शंभर वर्षांत स्वस्त इंजिन नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेतून आले: सैन्याच्या, मोटारस्वारांच्या, बर्फात फिरणाऱ्यांच्या. विमान बांधणाऱ्याने ते उसने घेतले. किंमत कमी झाली ती पैशांत. बाकीची त्याने श्रमांत, अभ्यासात आणि सावधपणात भरली. जिथे ती भरली गेली नाही, तिथे माणसांचे जीव गेले. पीटेनपोलचे विमान वेगवान नव्हते, देखणेही नव्हते. पण हाती असलेल्या इंजिनाला काय जमते आणि काय जमत नाही, हे आधी मान्य करून त्याने ते आखले. म्हणूनच नव्वदहून अधिक वर्षांनंतरही कुणाच्या तरी कोठारात एक एअर कँपर आकार घेत असते.

धागा समाप्त.